पहाटे साडेपाचला काका काय करतात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ २१२ फ्लॅटच्या सोसायटीत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. वय ४४. ऐरोलीतल्या एका कंपनीत त्या टीम लीड आहेत, हाताखाली चौदा जण. परदेशातल्या एका विमा कंपनीच्या ग्राहकांच्या क्लेमबद्दलच्या ईमेलना उत्तरं द्यायची, हे काम. गेल्या महिन्यात मॅनेजरने सांगितलं, यापुढे पहिलं उत्तर एआय देईल. त्यासाठी टीमने तीन वर्षांतली निवडक उत्तरं आणि कामाच्या पायऱ्या लिहून द्यायच्या. चौदातले सहा जण ‘दुसरीकडे हलवले जातील’. कुठे, ते ठरलेलं नाही. आणि तूर्त टीमजवळ याची वाच्यता करायची नाही.

त्याच महिन्यात, त्या ज्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत तिच्या कमिटीपुढे चेहरा ओळखून उघडणाऱ्या गेटचा प्रस्ताव आला. साडेसहा लाख एकदाच, मग महिना पंधरा हजार. त्या बदल्यात दहापैकी चार वॉचमन कमी करायचे. एका वॉचमनचे एजन्सीला महिना २२ हजार जातात. चौघांत एक आहेत काका, वय ५८, या गेटवर सतरा वर्षं, बहुतेक रात्रपाळी. त्याआधी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते, तो बंद पडला.

त्या लिहितात, “ऑफिसात सुरी माझ्या मानेवर आहे आणि सोसायटीत तीच माझ्या हातात. रात्री झोप लागत नाही. टीमला सांगू का? प्रस्तावाला हो म्हणू का? आणि पुढच्यासाठी ८५ हजारांचा एआयचा कोर्स लावू का? मुलगा म्हणतो, आई, हे होणारच आहे, तू कशाला मनाला लावून घेतेस?”

उत्तर:

तुमच्या मुलाच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण ते माझ्या ओळखीचं आहे. ‘होणारच आहे’ हे मी पहिल्यांदा ऐकलं ते नौपाड्यातल्या एका बँकेच्या काउंटरमागे, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हा. खातेदारांची जाडजूड लेजरं, पितळी टोकनं, आणि संध्याकाळी बॅलन्स जुळला नाही तर रात्री नऊपर्यंत बैठक. कॉम्प्युटर येणार म्हणून मोर्चे निघाले. मीही घोषणा दिल्या, घसा बसेपर्यंत. मग १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात संगणकीकरणाचा करार झाला. यंत्रं आली. तुमचा मुलगा बरोबर आहे, ते झालंच.

पण कसं झालं, हे त्याच्या वाक्यात येत नाही. यंत्रं कुठे बसवायची आणि कर्मचाऱ्यांचं काय करायचं, हे टेबलाच्या दोन बाजूंना बसून माणसांनी ठरवलं. आमच्या शाखेतून एकही माणूस घरी गेला नाही. मात्र आमचे दफ्तरी रिटायर झाले तेव्हा त्यांच्या जागी कुणी आलं नाही. कुठलं लेजर कुठल्या फळीवर, हे डोळे मिटून सांगणारा माणूस. आम्ही शाल-नारळ दिला, फोटो काढले, आणि माणसाबरोबर ती जागाही चालली आहे हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. पुढे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून लाखभर लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. माझा अर्जही भरून तयार होता. दिला नाही, ती गोष्ट वेगळी.

आता तुमचं पत्र बघा. ‘हलवले जातील.’ ‘कमी केले जातील.’ ‘बसवलं जाणार आहे.’ शाळेत कर्मणी प्रयोग शिकलो, त्याचा खरा उपयोग ऑफिसच्या मेलमध्ये आणि सोसायटीच्या सर्क्युलरमध्ये होतो. कर्ता गायब. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की पत्रातली ही वाक्यं कर्ता घालून पुन्हा लिहा. ‘सहा जणांना कंपनी हलवणार आहे, कारण क्लायंटबरोबरच्या नव्या करारात दर कमी झाले आहेत’ (असं असेल तर, विचारा). ‘चार वॉचमनना आम्ही, कमिटीतले अकरा जण, काढणार आहोत.’ दुसरं वाक्य लिहिताना पेन अडखळेल. अडखळू द्या.

हे केलं की आणखी एक गोष्ट सुटी होईल. तुम्ही दोन्ही प्रसंगांची एकच मोळी बांधली आहे, आणि झोप उडाली आहे ती त्या मोळीच्या ओझ्याने. ऑफिसात तुमच्या हातात निर्णय नाही. थोडी माहिती आहे आणि रोजचं काम आहे. सोसायटीत निर्णय आहे, पण तोही अकरातला एक, आणि कमिटीच्या वर सर्वसाधारण सभा बसलेली आहे. जिथे हात पोचत नाही तिथली अपराधी भावना तुम्ही जिथे पोचतो तिथे वाहून आणताय. ‘ऑफिसात मला काही करता येत नाही, मग इथे तरी कुठे येणार’, असं तुमच्या पत्रात शब्दांत नाही, पण ओळीओळीत आहे.

सोसायटीचं आधी घेते, कारण तिथे तुम्हाला खरंच काही करता येईल.

हिशोबाला घाबरायचं नाही. चार वॉचमनचे महिना ८८ हजार वाचतात, त्यातून पंधरा हजार यंत्राचे वजा केले की ७३ हजार. म्हणजे साडेसहा लाख नऊ महिन्यांत वसूल. वेंडरचा हिशोब खोटा नाही, आणि मीटिंगमध्ये ‘माणुसकी’ एवढा एकच शब्द घेऊन उभं राहिलात तर तुम्ही हराल. पण ७३ हजारांना २१२ ने भागा. घरटी ३४४ रुपये. चौघांचं कुटुंब एका रविवारी मिसळ आणि चहाला बाहेर पडलं तर तेवढे होतात. हा आकडा प्रस्तावात कुठे नसेल. तिथे ‘वार्षिक बचत’ म्हणून आठ लाख ७६ हजार लिहिलेलं असेल. दोन्ही आकडे सभासदांपुढे ठेवा. ज्यांना ३४४ रुपये महत्त्वाचे वाटतात त्यांना वाटू द्या, निवृत्त माणसाला मेन्टेनन्सचा प्रत्येक शेकडा टोचतो, हे मी स्वतः निवृत्त असल्यामुळे जाणते.

खरी गफलत हिशोबाच्या आधीच्या ओळीत आहे. वॉचमनचं काम म्हणजे चेहरे ओळखणं, असं प्रस्तावात गृहीत धरलंय. ते यंत्र काकांपेक्षा चांगलं करेलही. पण काका त्याशिवाय काय करतात? घोडबंदर रोडवर टँकर रात्री किती वाजता येतो आणि त्याची मोजणी कोण करतं? महापालिकेचं पाणी आलं की व्हॉल्व्ह कोण उघडतं, पंप कोण लावतं? लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आत अडकलेल्या आजींशी दाराबाहेरून बोलत कोण उभं राहतं? बी विंगमधल्या मुलीच्या मागावर येणारा तो बाइकवाला ‘ओळखीचा चेहरा’ असूनही त्याला आत सोडायचं नाही, हे कुणाला कळतं? (हा शेवटचा तुमच्या सोसायटीतला नाही, माझ्या ओळखीतला प्रसंग आहे. पण तुमच्याकडेही असा एखादा असणारच.)

याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही, मला तर नाहीच, आणि वेंडरला त्याची गरज नाही. म्हणून पंधरा दिवस गेटवर एक वही ठेवा. प्रत्येक पाळीत वॉचमनला गेट सोडून कशासाठी उठावं लागलं, वेळ आणि काम, एवढंच लिहायचं. त्यांना लिहायला कंटाळा येत असेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करू द्या, कॉलेजातली दोन पोरं ते उतरवून काढतील. पंधरा दिवसांनी वही वाचून जर दिसलं की खरोखर नुसतं खुर्चीत बसणं आहे, तर तसं मान्य करा. मी म्हणते म्हणून काकांच्या बाजूने वही भरू नका.

आता चेहऱ्याचं. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या प्रस्तावात एक ओळ आहे, ती वाचून मी चष्मा पुसला. चेहऱ्याची नोंदणी ‘घरकामगार, ड्रायव्हर, दूधवाले, पेपरवाले यांना अनिवार्य’ आणि ‘सभासदांना ऐच्छिक’. सभासदांसाठी गाडीवरचा टॅग चालेल. म्हणजे पंचवीस वर्षं कुणाच्या तरी घरची पोळी लाटणाऱ्या मावशींनी चेहरा द्यायचा, आणि ज्यांनी यंत्र आणलं त्यांनी फक्त काचेवर स्टिकर लावायचा. सुरक्षेसाठीच असेल तर चोर काय फक्त चालत येतात?

शिवाय ही यंत्रं सगळ्यांना सारखी ओळखत नाहीत. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकालाही पोचत नव्हती, सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती एका सॉफ्टवेअरमध्ये जवळपास पस्तिसांपर्यंत गेली. त्यानंतर सॉफ्टवेअर सुधारली आहेत, हेही खरं. पण जुलैतल्या पावसात सकाळी सात वाजता, डोक्यावर प्लास्टिकचा कागद आणि हातात पिशवी घेऊन डोंगरीपाड्याहून चालत आलेल्या बाईला यंत्र ‘नोंद नाही’ म्हणालं तर ती कुणाला सांगणार? रेशनच्या दुकानात ‘अंगठा उठत नाही’ म्हणून परत पाठवलेल्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. भांडी घासून घासून रेषाच पुसल्या जातात. तिथे निदान समोर दुकानदार असतो. इथे चौथा माणूस काढून टाकल्यावर गेटवर कोण असणार आहे, तेवढं बघून ठेवा. आणि ती पंधरा मिनिटं उशिरा पोचली की पहिल्या घरातली वहिनी बोलणार, दुसऱ्या घरातली आणखी मोठ्याने.

कायद्याचं थोडक्यात सांगते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक बंधनं तिथून दीड वर्षाने लागू होतात. त्यात संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली हवी. माहिती मराठीतही मागता येते. दिलेली संमती परत घेता येते. ‘चेहरा दे नाहीतर काम सोड’ ही मोकळी संमती नव्हे. घरगुती वापराला सूट आहे, पण ती एकट्या व्यक्तीला, सोसायटीला नाही. आणि डेटा वेंडरच्या सर्व्हरवर असला तरी जबाबदारी सोसायटीवरच येते. तेव्हा वेंडरला लेखी विचारा: चेहरे कुठे साठवता, किती दिवस, कोण पाहू शकतं, आणि मावशींनी काम सोडल्यावर किती दिवसांत पुसता? ‘क्लाउडवर’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

मग करायचं काय? नुसता विरोध करा, असं मी सांगणार नाही. तुमच्या गेटवर रात्री झोपा होतात, पाहुण्यांच्या नोंदवहीत ‘मोदी’, ‘सचिन’ अशी नावं लिहिलेली असतात, दोन चोऱ्या झाल्या, हे तुम्हीच कळवलंय. यंत्राने काही सुधारणार असेल तर सुधारावं. पण यंत्र आलं म्हणजे माणसं कमीच करायची, हा नियम कुठून आला?

एक गणित मांडून बघा. आज दहा वॉचमन, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, प्रत्येक पाळीत पाच. बारा तास उभं राहिलेला माणूस पहाटे तीनला झोपणारच, तुम्ही-आम्हीही झोपलो असतो. यंत्रामुळे पाळीत पाचऐवजी तीन पुरत असतील, तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या करा. दिवसा तीन-तीन, रात्री दोन. रोज आठ माणसं लागतात, उरलेले दोघे साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा सांभाळतात. दहाच्या दहा माणसं राहतात आणि झोपाही थांबतात. बचत शून्य, उलट यंत्राचे पंधरा हजार अंगावर, म्हणजे घरटी ७१ रुपये वाढ, आणि साडेसहा लाख एकदाच. यात एक मेख आहे: पगार तोच ठेवायला हवा. तास कमी म्हणून एजन्सीने पैसे कापले तर वॉचमनच हे नको म्हणतील, काहींचं घर त्या जादा चार तासांवर चालतं. त्यांना विचारल्याशिवाय हे मांडू नका.

सभासद यालाही तयार नसतील तर मधली वाट आहे, जी आमची बँक न सांगता चालली. कुणाला काढायचं नाही, जो स्वतःहून जाईल त्याची जागा भरायची नाही. तुमच्याकडे ती निदान उघड बोलून चाला. गेट तीन महिने एकाच प्रवेशद्वारावर लावून बघा, आणि त्या तीन महिन्यांत चेहऱ्याची नोंदणी फक्त कमिटी सदस्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी करावी. ही माझी सूचना थोडी खट्याळ आहे, पण यंत्रातल्या खोड्या शोधायला याहून चांगला उपाय नाही. चेअरमनसाहेब पावसात तीनदा मान वर करून उभे राहिले की वेंडरचा माणूस त्याच दिवशी येतो. आणि नंतरही ज्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांना साधं कार्ड द्या.

एवढा बदल कमिटीच्या अकरा डोक्यांवर सोडू नका, सर्वसाधारण सभेपुढे न्या. कमिटी ऐकत नसेल तर एक पंचमांश सभासद लेखी मागणी करून विशेष सभा बोलवायला लावू शकतात. तुमच्याकडे त्रेचाळीस सह्या. तुम्ही स्वतः सेक्रेटरी, इतिवृत्त तुम्हीच लिहिणार, तर तुमचं वेगळं मत त्यात नावानिशी नोंदवा. बहुमताचा निर्णय लिहून त्यावर सही करणं म्हणजे त्याला होकार देणं, ही भीती मनातून काढा.

काकांबद्दल आणखी थोडं, कारण निर्णय कसाही लागला तरी हे करायला हवं. एजन्सी म्हणेल, ‘आम्ही त्यांना दुसऱ्या साइटवर टाकू.’ भिवंडीचं गोदाम, रात्रपाळी, दोन रिक्षा आणि एक बस. तुमच्या मॅनेजरचं वाक्य आणि एजन्सीच्या सुपरवायझरचं वाक्य तुम्ही शेजारी ठेवून वाचलंत का? बोलणारे वेगळे, वाक्य तेच. म्हणून आत्ताच काकांबरोबर बसा आणि कागद काढा. पीएफ कापला जातो का, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) कोणता, सतरा वर्षांत एजन्सी किती वेळा बदलली? जुन्या कारखान्याचं पीएफ खातं या नंबरला जोडलंय का? ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते आणि तिला किमान दहा वर्षांची सेवा लागते. कारखान्यातली वर्षं तुटून पडलेली असतील तर ती जोडून घेणं काकांना तुमच्या सगळ्या सहानुभूतीपेक्षा उपयोगी पडेल. एका एजन्सीकडे सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचाही हक्क आहे. हे तुम्ही ऑफिसातल्या लोकांसाठी सहज करता, गेटवरच्या माणसासाठी कुणी करत नाही. पुढच्या वेळी कंत्राट देताना सुरक्षा रक्षक मंडळाचाही विचार करा. १९८१ च्या कायद्याखाली बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्यासाठी असं मंडळ आहे. महाग पडतं म्हणून सोसायट्या टाळतात. का महाग पडतं, तर पीएफ-ग्रॅच्युइटी खरोखर भरावी लागते.

आता ऐरोली.

टीमला सांगू का, असं तुम्ही विचारता. तुम्ही चौदा जणांना ‘तुमच्या कामाच्या पायऱ्या लिहून द्या’ म्हणालात त्याच दिवशी, ठाण्याला परतताना लोकलच्या दारात, त्यांनी ते ओळखलेलं आहे. ते दुधखुळे नाहीत. प्रश्न सांगण्याचा नाही, खोटं न बोलण्याचा आहे. गोपनीय कागद किंवा आकडे फॉरवर्ड करू नका, नोकरी जाईल ती तुमची. पण कुणी विचारलं तर ‘असं काही नाही’ हे तीन शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ‘मला सगळं सांगायची परवानगी नाही. मी तुमच्या जागी असते तर बायोडेटा ताजा ठेवला असता आणि नवा हप्ता डोक्यावर घेतला नसता.’ एवढं म्हणालात तर कुठला करार मोडत नाही, आणि जो पोरगा या दिवाळीत कळव्याला फ्लॅट बुक करायला निघालाय तो थांबेल.

आणि मॅनेजरला प्रश्न विचारा, मेलवर. सहा जण कोण, हे कोण ठरवणार आणि कशावर? कुठे हलवणार, कधीपर्यंत? नवीन काम शिकायला किती आठवडे, पगारी? बॉटचं, म्हणजे त्या एआयचं, उत्तर चुकलं तर ग्राहकाला उत्तर कोण देणार? या शेवटच्या प्रश्नाला मॅनेजर कान देईल, कारण तो क्लायंटचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीचा बचाव असा की बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. तिथल्या न्यायाधिकरणाने तो उडवून लावला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. तुमचं काम तर विम्याचं, तिथे पत्र लिहिणाऱ्यांत नुकतेच विधवा झालेलेही असतात.

म्हणून गेटवरची वही ऑफिसातही ठेवा. बॉटची रोजची किती उत्तरं टीमने बदलली, का बदलली, ग्राहक दुसऱ्यांदा लिहिता झाला का. ‘बाईंनी मृत्यूचा दाखला आधीच जोडला होता, बॉटने पुन्हा मागितला’ अशा वीस नोंदी हातात असतील तर चौदातले किती लोक तपासणीला लागतात, यावर तुम्ही आकड्यांनी बोलू शकाल. कदाचित आकडा आठच निघेल. पण मग तो पॉवरपॉइंटमधून आलेला नसेल. कामाच्या पायऱ्या लिहून देताना मुद्दाम चुका ठेवू नका, हे तुमच्या मनातही नसेल, पण टीममधल्या कुणाच्या तरी असेल. शेवटी भोगतो तो ग्राहक.

सहा जणांना उद्या बोलावून ‘राजीनामा लिहून द्या, रिलीव्हिंग लेटर छान देऊ’ म्हटलं गेलं, तर त्यांनी त्याच खोलीत सही करू नये, एवढं त्यांच्या कानावर घाला. कंपनीने कामावरून कमी केलं आणि तो माणूस कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ बसत असेल, तर वर्षभराच्या सेवेनंतर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत शिवाय नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. स्वतःहून राजीनामा दिला की यातलं काही उरत नाही. व्याख्येत बसतं की नाही, ते पदाच्या नावावर नव्हे तर प्रत्यक्ष कामावर ठरतं. एखाद्या कामगार वकिलाला तासभर भेटलेलं बरं. तुम्ही स्वतः बहुधा बसणार नाही, सुपरवायझरला पगाराची मर्यादा आहे. तेव्हा तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून त्यातला नोटिशीचा कालावधी आज रात्रीच वाचा.

कोर्स? नको. ८५ हजार ठेवीत टाका. सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर फुकट शिकायला पुष्कळ आहे, आणि तुमच्या समोर रोज चालणारा बॉट आहे त्याच्याइतका चांगला मास्तर त्या क्लासवाल्याकडे नाही.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी पुष्कळ जण सेक्रेटरी नसतील आणि टीम लीडही नसतील. त्यांच्यासाठी एकच: तुमच्या गेटवर असं यंत्र आधीच बसलं असेल तर घरी येणाऱ्या मावशींना आजच विचारा, आत यायला किती वेळ लागतो आणि अडलं तर काय होतं. त्यांचा पगार त्या ॲपच्या हजेरीवरून कापत असाल तर विचारताना थोडा आवाज खाली ठेवा.

तुम्ही लिहिलंय, मीटिंग पुढच्या रविवारी आहे. त्याआधी एकदा पहाटे साडेपाचला खाली उतरा. काकांची पाळी संपत आलेली असेल, पाणी यायची वेळ असेल. वही बरोबर न्या. पहिल्या पानावर तारीख घाला आणि काका खुर्चीतून उठले की ते कुठे जातात तेवढं लिहा.